गुडघ्यापुढची चार बोटं

गाडीच्या जाहिरातीत मागच्या सीटवर बसलेली माणसं कायम खूश असतात. दोन मुलं, त्यांच्यामध्ये एखादं कुत्र्याचं पिल्लू आणि खिडकीबाहेर डोंगर. मागं तीन मोठी माणसं बसली आहेत, त्यातल्या एकीच्या मांडीवर जेवणाच्या डब्यांची पिशवी आहे आणि पायाशी पाण्याचा पाच लिटरचा कॅन आहे, असं दृश्य मी अजून कुठल्या जाहिरातीत पाहिलेलं नाही. आमच्या गाडीची मागची सीट मात्र गेली अकरा वर्षं अशीच भरलेली असते.

मी या सीटवरची जुनी रहिवासी आहे. घरात सगळ्यात लहान आणि सगळ्यात बारीक असल्यामुळे मधली जागा लहानपणापासून माझ्या नावावर आहे. मधल्या जागेला पाठ टेकायला धड गादी नसते, कारण तिथं आर्मरेस्ट दुमडून ठेवलेला असतो. पाय ठेवायला सपाट जागा नसते, कारण गाडीच्या तळाला मधोमध एक उंचवटा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून बसायचं, म्हणजे एक पाय आईच्या हद्दीत आणि एक बाबांच्या. गाडी वळली की माझा गुडघा कुणाच्या तरी गुडघ्याला लागतो.

आमच्या घरातल्या जागांचं वाटप एकदा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. आजीला गाडी लागते, त्यामुळे ड्रायव्हरशेजारची सीट तिची. याबाबत चर्चा होत नाही. गाडी दादा चालवतो, त्याची उंची सहा फूट. त्याच्या मागं बाबा, मध्ये मी आणि आजीच्या मागं आई. बाबांनी गाडी चालवायला घेतली तर दादा मागं येतो, बाकी नकाशा तोच. आईच्या जागेत बदल होत नाही.

दोन वर्षांपूर्वी आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सांधा बदलला. व्यायाम शिकवायला यायच्या त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी जाताना एक गोष्ट बजावून सांगितली होती: गुडघा एकाच कोनात दुमडून तासन्‌तास बसायचं नाही, मधूनमधून पाय लांब करायचा. घरात हे जमतं. सोफ्यावर बसली की आई समोरच्या स्टुलावर पाय ठेवते. गाडीत समोर स्टूल नसतं, आजीच्या सीटची पाठ असते.

ऑपरेशननंतर आमची तुळजापूरची फेरी आली. साताऱ्याहून पंढरपूर, तिथून सोलापूर आणि मग तुळजापूर, थांबत थांबत गेलं तर सहा तास सहज जातात. आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते." पुढच्या वर्षीही तेच म्हणाली. मग मावशीकडच्या लग्नाला कोल्हापूरला जायचं होतं, तेव्हा म्हणाली, "मी एसटीनं येते, तुम्ही व्हा पुढं." एसटीत तिला पुढची आडवी सीट मिळाली की पाय मोकळा सोडता येतो. तिनं गुडघ्याचं नाव एकदाही काढलं नाही. जागेविषयी तर अजिबातच नाही. आमच्या घरात मागच्या सीटविषयी तक्रार करायची पद्धत नाही. पुढं बसणारे एसी, गाणी आणि रस्ता ठरवतात, मागं बसणारे डबा उघडून चटणी वाटतात.

मागच्या उन्हाळ्यात जुनी गाडी बदलायचं ठरलं, तेव्हा दादानं एक्सेलची शीट केली. तीन गाड्या, प्रत्येकीपुढं किंमत, मायलेज, एअरबॅगा, स्क्रीनचा आकार, सनरूफ आहे की नाही. मी म्हटलं, एक रकाना वाढव, मागच्या सीटवर पाय ठेवायला किती जागा आहे त्याचा. त्यानं रकाना केला, ब्रोशर उघडली आणि रकाना रिकामाच राहिला. आमच्या हातातल्या तिन्ही ब्रोशरांत लांबी, रुंदी, उंची, व्हीलबेस, बूटमध्ये किती लिटर सामान मावतं, हे सगळं होतं. सामानाला किती जागा हे लिटरमध्ये छापलेलं होतं आणि माणसाच्या पायांना किती, याचा पत्ता नव्हता.

"व्हीलबेसवरून कळतं की," दादा म्हणाला.

व्हीलबेस म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. माणसं बसतात ती जागा बहुतेक या दोन चाकांच्या मधली, त्यामुळे व्हीलबेस जास्त तर आत जागा जास्त, हा हिशेब ढोबळमानानं बरोबर आहे. पण ढोबळमानानंच. आपल्या रस्त्यांवरच्या दोन ओळखीच्या गाड्या घ्या. स्विफ्ट ३८६० मिलिमीटर लांब आहे, वॅगन-आर ३६५५. म्हणजे वॅगन-आर वीतभर आखूड. व्हीलबेसही तिचा २४३५, स्विफ्टचा २४५०. कागदावर दोन्ही आकड्यांत स्विफ्ट पुढं. पण दोन्ही गाड्यांत मागं बसून बघा. वॅगन-आर उंच आहे, त्यामुळे तिच्यात आपण खुर्चीवर बसल्यासारखे बसतो आणि पाय खाली सोडतो. बसक्या गाडीत पाय खाली सोडायला जागा नसते, ते पुढं पसरावे लागतात, आणि पुढं समोरची सीट असते. तेवढ्याच लांबीत उंच खुर्चीवर माणूस मावतो, चौरंगावर बसवला तर त्याचे गुडघे भिंतीला लागतात. व्हीलबेसच्या आकड्यात हा फरक दिसत नाही.

मग मी शोधायला बसले, की पायांच्या जागेचा आकडा मोजतात तरी कसा. त्याची एक प्रमाण पद्धत आहे. अमेरिकेतल्या एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेचं जे ११०० नावाचं मानक आहे. त्यात ठरावीक मापाचा एक यांत्रिक पुतळा सीटवर बसवतात. त्याच्या खुब्याच्या सांध्यापासून घोट्यापर्यंत सरळ रेषेत अंतर मोजतात आणि त्यात २५४ मिलिमीटर, म्हणजे दहा इंच, मिळवतात. हा झाला लेगरूम. हे वाचून मी पुन्हा एकदा वाचलं. खुबा ते घोटा, सरळ रेषेत. या रेषेत गुडघा येतच नाही. गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांच्यातलं अंतर हे वेगळं माप आहे आणि ते ब्रोशरमध्ये पाहायला मिळणं आणखी दुर्मीळ.

शिवाय पुढची सीट रुळावर मागंपुढं सरकते. ती चार बोटं पुढं घेतली की मागं चार बोटं जागा वाढते. पाच फुटांचा ड्रायव्हर असेल तर मागं दरबार भरवता येतो आणि सहा फुटांचा असेल तर त्याच गाडीत मागच्या माणसाला तिरकं बसावं लागतं. म्हणजे एकाच गाडीच्या मागच्या सीटवर किती जागा आहे याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं आहे. आमच्या घराचं उत्तर छापील आकड्यात सापडणं शक्य नव्हतं. ते आमच्यातल्या पाच जणांना गाडीत बसवूनच मिळणार होतं.

बाबांना हा सगळा प्रकार गमतीचा वाटत होता. त्यांच्या लहानपणी गाडी म्हणजे ॲम्बेसेडर. मूळची ती इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनं १९५०च्या दशकाच्या शेवटी सुरू केली आणि २०१४ पर्यंत बनवली. तिच्यात पुढंसुद्धा सलग बाक असायचा. बाबा सांगतात, लग्नाच्या वऱ्हाडात मागं पाच आणि पुढं ड्रायव्हर धरून तीन, शिवाय मांड्यांवर मुलं. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, ती सव्वातीन मीटरपेक्षा थोडीच लांब. देशानं ती डोक्यावर घेतली आणि मागं बसणाऱ्यांनी पाय आखडून घेतले. टाटांनी पुण्याजवळ पिंपरीत इंडिका बनवली, ती १९९८च्या शेवटी बाजारात आली. तेव्हा रतन टाटांनी तिची कल्पना मांडली होती ती अशी: बाहेरून झेनएवढी आणि आतून ॲम्बेसेडरएवढी प्रशस्त. देशी बनावटीची गाडी कशी असावी हे सांगताना मागच्या सीटचं माप पहिल्या दोन ओळींत आलं होतं, ही गोष्ट मला आवडते.

पुढं या मापात सरकारचा टॅक्सही शिरला. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. त्या दिवसापासून चार मीटर ही आपल्याकडच्या गाड्यांची लक्ष्मणरेषा झाली. २००८ मध्ये इंडिगो सीएस आली, डिकी असलेली पण कापून चार मीटरच्या आत बसवलेली. आज रस्त्यावर उंच, रुबाबदार दिसणाऱ्या कितीतरी एसयूव्ही मोजून ३९९५ मिलिमीटर असतात, त्या यामुळेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, त्यातही ही रेघ तशीच आहे: रेघेच्या आतल्या छोट्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना १८ टक्के, बाहेरच्यांना ४० टक्के. आमच्यासारख्या घराचं बजेट रेघेच्या आतलं. चार मीटरमध्ये इंजिन, पाच माणसं आणि सामान बसवायचं तर कुणीतरी आखडून घेणारच. कंपनी कुणाला आखडायला लावते, हे मात्र गाडीगणिक बदलतं.

शोरूममध्ये जायच्या आदल्या रात्री मी सगळ्यांची मापं घेतली. पद्धत साधी आहे, कुणालाही घरी करता येईल. माणसाला भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर बसवायचं आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत टेपनं मोजायचं. मग जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतची उंची मोजायची. आईचं पहिलं माप आलं ५५ सेंटिमीटर, दुसरं ४०. बाबा ६०, दादा ६३. आजी म्हणाली, "माझं कशाला मोजतीस? मी पुढंच बसणार." तरी मोजलं. आईला वाटलं मी शिवणकामाचं काहीतरी करतेय.

शोरूम हायवेच्या कडेला. सेल्समन माझ्याच वयाचा, आदबशीर मुलगा. पहिली गाडी दादाच्या आवडीची एसयूव्ही होती, सनरूफवाली, तिघींत व्हीलबेस सगळ्यात मोठा. त्यानं आधी आईसाठी मागचं दार उघडलं आणि त्याच्याही आधी, अगदी सवयीनं, पुढच्या सीटचा खटका ओढून सीट पुढं सारली. "बसा काकू, बघा किती जागा आहे." जागा खरंच भरपूर दिसत होती. पुढच्या सीटवर बसायचं तर आजीला गुडघे डॅशबोर्डला लावून बसावं लागलं असतं, एवढंच.

मी म्हटलं, थांबा, आधी आजीला पुढं बसू दे. आजी बसली, सीट तिला हवी तेवढी मागं घेतली, पाठ थोडी कलती केली, कारण गाडी लागू नये म्हणून ती डोकं टेकून बसते. मग दादाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. क्लच पूर्ण दाबून, हात स्टिअरिंगवर ठेवून, रोज बसतो तसा. सीट लागली. आता उतर, म्हटलं, आणि स्वतःच्या मागं बस. तो हसला, पण बसला. स्वतःच्या सीटच्या मागं बसण्याचा हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग असावा. त्याचे गुडघे सीटच्या पाठीला टेकले. तो काही बोलला नाही, नुसता बसून राहिला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "बाबा इथं बसणार होय?"

आईची बाजू तपासली. गुडघा आणि आजीची सीट यांच्यामध्ये तिची तीन बोटं मावली. चार मावली तर मी पास करणार होते. पण खरी अडचण खाली होती. आजीला पुढचं नीट दिसावं म्हणून सीट थोडी उंच केलेली असताना आईचं पाऊल सीटखाली सरकत होतं. दादाची सीट मात्र त्यानं सगळ्यात खाली घेतलेली, आणि तिच्याखाली चपलेचा पंजाही शिरत नव्हता. पाऊल पुढच्या सीटखाली सरकणं हे कुठल्याही आकड्यात येत नाही. ऑपरेशन झालेला पाय लांब करायचा तर तो जाणार कुठं? सीटखालीच. तिथं बोळ नसेल तर वरची बोटभर जागा काय कामाची?

दुसरी गाडी इलेक्ट्रिक. ही माझ्या आवडीची. तिचा तळ अगदी सपाट होता. अकरा वर्षं मी ज्या उंचवट्याच्या दोन बाजूंना पाय टाकून बसले, तो इथं नव्हताच. हा उंचवटा जुन्या गाड्यांत असायचा कारण इंजिन पुढं आणि ताकद मागच्या चाकांना, मग मधून एक लांब दांडा जायचा. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढच्याच चाकांना फिरवतं, दांडा गेला, पण सायलेन्सरची नळी आणि तळाची मजबुती यांसाठी छोटा उंचवटा उरला. इलेक्ट्रिकमध्ये नळीही नाही. मी मध्ये बसले, दोन्ही पाय जवळ ठेवले आणि मला एकदम सुशिक्षित माणसासारखं वाटलं.

मग आई बसली. बॅटरी तळाखाली असल्यामुळे गाडीचा तळ वर आलेला होता, आणि सीट त्या प्रमाणात वर नेलेली नव्हती. मी टेप लावली: तळापासून सीटच्या कडेपर्यंत २९ सेंटिमीटर. आईच्या पायाची उंची ४०. म्हणजे गुडघे वर, मांड्या गादीवरून उचललेल्या आणि सगळं वजन बुडाखाली. गुडघ्यापुढं जागा चांगली सहा बोटं होती. पण गुडघा ज्या कोनात दुमडला जात होता तो पाहून मलाच दुखल्यासारखं झालं. सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या अशाच असतात असं म्हणता येणार नाही, ज्या मुळातून इलेक्ट्रिक म्हणून बनवतात त्यांत सीट उंच घेतलेलीही असते. या गाडीत नव्हती. मी सपाट तळावरून पाय उचलले.

आई दोन्ही गाड्यांना म्हणाली, "बरी आहे की."

इथं थोडं थांबून सांगते. आईच्या पिढीतल्या बायकांना "कशी वाटली?" असं विचारण्यात अर्थ नसतो. "बरी आहे" हे उत्तर तयार असतं आणि ते गाडीविषयी नसतंच. मुलानं हौसेनं निवडलेली, नवऱ्याच्या बजेटमध्ये बसणारी, समोर अनोळखी मुलगा उभा. त्यात माझ्या गुडघ्याचं काय काढायचं, असं त्या उत्तराचं भाषांतर आहे. म्हणून आईला विचारायचं नाही, आईकडे बघायचं, असं मी ठरवलं होतं. प्रत्येक गाडीत तिला वीस मिनिटं बसवायची आणि मधल्या वेळात भलतंच काहीतरी बोलायचं. पहिल्या पाच मिनिटांत कुठलीही सीट आरामशीर असते. आपण सोफासुद्धा पाच मिनिटं बसून विकत घेतो आणि मग दहा वर्षं त्यावर उशा लावत बसतो.

पहिल्या गाडीत बाराव्या मिनिटाला तिनं हात पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवला आणि अंग थोडं उचलून घेतलं. दुसऱ्या गाडीत आठव्याच मिनिटाला ती तिरकी झाली, डावा पाय माझ्या बाजूला आला. दोन्ही वेळा तिच्या बोलण्यात काही फरक पडला नाही.

तिसरी गाडी कुणाच्याच आवडीची नव्हती. उंच, चौकोनी. बाबांनी बघितल्या बघितल्या म्हटलं, "डब्यासारखी दिसते." लांबीला तिघींत सगळ्यात लहान. सेल्समनलाही ती दाखवायचा फारसा उत्साह नव्हता, कारण तिच्यात विकायला विशेष काही नव्हतं. सनरूफ नव्हतं. ते नसल्यामुळे छत मात्र आतून दोन बोटं उंच मिळालं होतं, कारण सनरूफची चौकट आणि पन्हाळी छताच्या आतली जागा खातात.

दार जवळजवळ काटकोनात उघडलं. ऑपरेशननंतर आईची गाडीत बसायची रीत बदलली आहे. आधी पाठमोरी होऊन बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकेक करून आत घ्यायचे. त्यासाठी सीट तिच्या कमरेच्या जवळपास हवी, खाली वाकायला नको आणि वर चढायलाही नको. एसयूव्हीत तिला चढावं लागलं होतं. इथं ती नुसती बसली. पाय आत घेताना दाराच्या खांबाला तिचा पंजा अडला नाही. टेप लावली: सीटची कड तळापासून ३७. गुडघ्यापुढं चार बोटं, सैल. पाऊल सीटखाली पुरतं आत.

दादा स्वतःच्या मागं बसला. गुडघे टेकले नाहीत. मी मध्ये बसले. उंचवटा होता, आर्मरेस्टचा दगड पाठीला होता, वर एसीचा झरोका पुढच्या दोन सीटांच्या मधून मागं आलेला आणि तो बरोबर माझ्या नडगीवर. पट्टा तीन टोकांचा आहे ना, तो ओढून लावून पाहिला. मागच्या तिघांनीही पट्टा लावायचा असतो, आणि तिघं दाटीवाटीनं बसले की त्याचं बक्कल मांडीखाली जातं, सापडत नाही. सापडलं, पण बाबांना थोडं सरकावं लागलं. रुंदीला ही गाडी कमीच होती. मधल्या माणसाचं भलं या गाडीत नव्हतं.

सोळाव्या मिनिटाला आईनं पर्समधून फोन काढला आणि मावशीला लावला. मावशीच्या सुनेच्या बारशाचं काय ठरलं, ते बोलणं चांगलं लांबलं. बोलता बोलता तिनं डावा पाय सीटखाली लांब केला, थोड्या वेळानं मागं घेतला, पुन्हा लांब केला. तिचं लक्षही नव्हतं.

टेस्ट ड्राइव्हला साधारणपणे चालवणारा आणि शेजारी सेल्समन एवढेच जातात. आम्ही पाचही जण बसलो आणि त्या मुलाला म्हटलं, तुम्ही इथंच थांबा. तो जरा गोंधळला, मॅनेजरला विचारून आला आणि शोरूममधल्या एका ड्रायव्हरदादांना पुढं बाईकवर वाट दाखवायला पाठवलं. हायवेच्या गुळगुळीत पट्ट्याऐवजी आम्ही सर्व्हिस रोड घेतला, कारण गतिरोधक तिथं होते. गतिरोधकावर मागच्या सीटचं सगळं खरं बाहेर पडतं: डोकं छताला लागतं का, गुडघा पुढं आपटतो का, बुडाखालची गादी संपते का. आजी पुढून म्हणाली, "ह्या गाडीत बाहेरचं दिसतं बाई." आईनं फोन ठेवला होता आणि ती खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडं बघत होती.

घरी येऊन दादानं शीट उघडली. रिकाम्या रकान्यात तीन आकडे भरले: तीन बोटं, सहा बोटं, चार बोटं. आकडे बघणारा माणूस दुसरी गाडी घेईल. त्याच्याशेजारी त्यानं आणखी एक रकाना केला आणि त्यात लिहिलं, "आई": बारा मिनिटं, आठ मिनिटं, आणि तिसऱ्या गाडीपुढं "फोन". सनरूफ गेल्याचं त्याला वाईट वाटलं हे दिसत होतं. ते वाटणं चुकीचं नव्हतं. हप्ते पाच वर्षं तो भरणार आहे, आणि सहा फुटांचा तरुण मुलगा पहिल्या नव्या गाडीत डोक्यावर आभाळ मागतो यात काही गैर नाही. बाबांनी एकदाच म्हणून बघितलं, "सोसायटीत लोक काय म्हणतील, एवढ्या पैशात डबा?" त्यावर आजी म्हणाली, "लोक काय आपल्या मागं बसणार आहेत?" मग तो विषय संपला.

डबा घ्यायचं ठरलं. आईला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, माझ्यासाठी कशाला, मी कितीशी बसते. तिला सांगितलं की ही स्वस्त पडते. तेही खरंच होतं.

तुम्ही गाडी बघायला जाणार असाल तर एवढंच करा. घरातली सगळी माणसं न्या, विशेषतः ज्यांना यायचा कंटाळा आहे ती. पुढच्या सीटा कुणाला सरकवू देऊ नका, आपल्या माणसांना बसवून लावा आणि मग मागं बसा. चपला-बूट घालूनच बसा, पाऊल सीटखाली जातं का बघा. मांडीला गादी शेवटपर्यंत आधार देते का बघा, कारण काही गाड्यांत गादीच आखूड करून गुडघ्यापुढं जागा वाढवलेली असते. मध्ये कुणाला तरी बसवा. वीस मिनिटं बसवा. आणि घरातलं जे माणूस सगळ्याला "बरं आहे" म्हणतं, त्याच्या हातापायांकडे लक्ष ठेवा.

गाडी दसऱ्याच्या आधी येणार आहे. नवरात्रात तुळजापुरात फार गर्दी असते, म्हणून कोजागिरी झाल्यावर जायचं असं बाबांनी जेवताना जाहीर केलं. आम्ही सगळे ताटात बघत बसलो. आईनं आमटी वाढली, बाबांच्या पानात लिंबाची फोड ठेवली आणि विचारलं,

"किती वाजता निघायचं?"